कादंबरी घेऊन परदेशी जावे

परदेशी निघालेल्या मराठी माणसाच्या पेटीत काय काय असते, यावर कोणी तरी एकदा प्रबंध लिहायला हवा. थालिपिठाची भाजणी असते, गोडा मसाला असतो, मेतकूट असते. आणि तीन पिशव्यांत एकात एक घालून बांधलेले, तरीही विमानतळापर्यंत आपल्या वासाने स्वतःची वर्दी देणारे लोणचे असते. तेवीस किलोंची मर्यादा भाजणी कमी करून सांभाळायची की साड्या कमी करून, यावर रात्री एक वाजेपर्यंत घरात खल चालतो. या खलात एका वस्तूचे नाव सहसा निघत नाही. ती वस्तू म्हणजे पुस्तक. निघालेच तर ‘तिकडे वाचायला वेळ कुठला?’ या एका वाक्यात त्याचा निकाल लागतो.

मला या निकालावर अपील करायचे आहे. माझे म्हणणे असे की, महिनाभरासाठी इंग्लंडला जाणाऱ्याने एक तरी जुनी इंग्रजी कादंबरी बरोबर न्यावी, आणि जमल्यास ती जिथे घडते त्या गावी जाऊन वाचावी. आता यावर कोणी म्हणेल, ‘बाई, एवढे पैसे मोजून तिथे गेल्यावर पुस्तकात डोके खुपसायचे, तर मग इथला ओटा काय वाईट होता?’ प्रश्न रास्त आहे. पण या ओट्यावर आपण इंग्रजी कादंबरी वाचली ती कशी, हे जरा आठवून पाहा. मी ‘टेस’ प्रथम वाचली ती बी. ए.च्या परीक्षेसाठी. माझ्या प्रतीच्या समासात ‘निसर्गवर्णन’, ‘नियतिवाद’, ‘स्वभावरेखा – महत्त्वाचे’ अशा शिसपेनीच्या खुणा होत्या. त्या खुणांत टेस बिचारी कुठेच नव्हती. सुट्टीत मात्र आपल्याला कोणी गुण देणार नसते. आपण परके असतो, रिकामे असतो आणि थोडे भांबावलेले असतो. कादंबरी वाचायला याहून चांगली मनःस्थिती नाही.

शिवाय इंग्रजी कादंबरीशी आपला मराठी माणसांचा घरोबा काही कालचा नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली, तिच्याही आधी बन्यनचे ‘यात्रिक क्रमण’ मराठीत उतरले होते. जॉन्सनचा ‘रासेलस’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतला आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरा केला. रेनल्ड्स नावाचा एक लेखक त्याच्या मायदेशात पुढे जवळजवळ विसरला गेला. पण आपल्याकडे मात्र त्याच्या जाडजूड कादंबऱ्यांची पारायणे होत. हरिभाऊ आपट्यांची १८८५ सालची ‘मधली स्थिति’ या रेनल्ड्सच्याच लंडनवरून सुचली. म्हणजे पुण्याच्या वाड्यात समईशेजारी बसून लंडनचे गल्लीबोळ पाठ असणारी माणसे आपल्यात होऊन गेली. बोटीचे तिकीट न काढता त्यांनी इंग्लंड पाहिले. आपण तिकीट काढतो आणि पुष्कळदा बकिंगहॅम राजवाड्याच्या दरवाजासमोर स्वतःचे छायाचित्र तेवढे पाहून परत येतो.

माझा भाचा रेडिंग नावाच्या गावी नोकरीला आहे. या गावाचे इंग्रजी स्पेलिंग आणि ‘वाचन’ या अर्थाच्या शब्दाचे स्पेलिंग एकच. तेव्हा मराठीच्या प्राध्यापिकेने सुट्टी घालवायला याहून योग्य गाव कोणते? गेल्या मे महिन्यात मी तिथे गेले. बरोबर तीन पुस्तके होती: जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ आणि टॉमस हार्डीच्या दोन कादंबऱ्या. भाचेसुनेने पहिल्याच दिवशी विचारले, “मावशी, तुम्हांला काय काय बघायचंय? यादी द्या.” मी यादी दिली. तीत राजवाडा नव्हता, मेणाचे पुतळे नव्हते. ती म्हणाली, “ही गावं मीसुद्धा नाही पाहिली!” भाचा हसून म्हणाला, “मावशी सुट्टीवर नाही आली, पेपर तपासायला आलीय.”

रेडिंगहून बाथ गाडीने तासाभरावर आहे. मधाच्या रंगाच्या दगडांत बांधलेले हे देखणे शहर. जेन ऑस्टिन इथे १८०१ ते १८०६ अशी काही वर्षे राहिली. आज तिच्या नावाचे एक केंद्र तिथे आहे. दाराशी जुन्या वेषातली माणसे उभी असतात आणि प्रवासी त्यांच्याबरोबर हौसेने चित्रे काढून घेतात. मी एका बागेतल्या बाकावर बसून ‘पर्स्वेजन’ उघडली. त्यातली ॲन इलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी तिने एका होतकरू नाविक अधिकाऱ्याला, वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने, नकार दिलेला आहे. तिचे वडील सरदार. पण डोक्यावर कर्ज. वाडा भाड्याने द्यायचा आणि कमी खर्चात तोरा मिरवता येईल अशा ठिकाणी राहायला जायचे, म्हणून ते बाथला येतात. ॲनला हे शहर मुळीच आवडत नाही.

डोळ्यांपुढे ते सोनेरी दगड आणि हातात हे पुस्तक, अशी मी बसले होते. मार्गदर्शक पुस्तिका म्हणत होती, ‘काय सुंदर शहर!’ कादंबरी म्हणत होती, ‘या दारांच्या आत कोणाकोणाचे वाडे गहाण पडले आहेत ते बघ.’ दोन्ही खरे होते. पण पुस्तिका वाचून मी बाथ नुसते पाहिले असते. ऑस्टिनबाईंमुळे मला तिथली माणसे ओळखीची वाटू लागली. कारण कर्ज काढून लग्नात मांडव घालणारे आणि जमीन विकून मोटार घेणारे सरदार आपल्याही गावात असतात.

याच कादंबरीत लाइम रीजिस नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तिथल्या धक्क्याच्या पायऱ्यांवरून लुइझा मस्ग्रोव्ह नावाची एक अवखळ मुलगी उडी मारायला जाते आणि पडते. याच गावी १६८५ साली मन्मथचा ड्यूक राजाविरुद्ध बंड करायला उतरला होता. कविवर्य टेनिसन १८६७ साली तिथे गेले, तेव्हा लोक त्यांना ड्यूकची जागा दाखवू लागले. त्यावर ते म्हणे चिडले. त्यांना पाहायची होती ती लुइझा पडली ती जागा! कधीच जन्माला न आलेली मुलगी जिथे कधीच पडली नाही, ती जागा पाहण्याचा हा हट्ट. वरवर पाहता हे खुळच. पण ड्यूक इतिहासाच्या पुस्तकात एकदाच उतरला, आणि लुइझा मात्र दर वाचकागणिक नव्याने पडते. टेनिसनना हे कळत होते.

तिसऱ्या आठवड्यात मी वाँटेजला गेले. हे लहानसे बाजाराचे गाव. हार्डीने आपल्या मुलुखातल्या गावांना नवी नावे दिली, त्यात वाँटेजचे ‘अल्फ्रेडस्टन’ केले. त्याच्या ‘ज्यूड’ या १८९५ सालच्या कादंबरीतला ज्यूड हा गरीब पोरका मुलगा या परिसरात पावाची गाडी हाकता हाकता लॅटिन पुस्तक वाचतो. विद्यापीठात जायचे हा त्याचा ध्यास. पुढे तो दगड घडवणारा कारागीर होतो, आणि विद्यापीठाकडून त्याला उत्तर मिळते की, बाबा, तू आपला धंदाच कर.

पण मराठी माणसाला वाँटेजला जायला दुसरेही कारण आहे. १८८३ साली पंचवीस वर्षांच्या पंडिता रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेला घेऊन याच गावातल्या भगिनीसंघाच्या मठात येऊन राहिल्या. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा इथे झाला. ‘इंग्लंडचा प्रवास’ हे त्यांचे पत्ररूप वृत्त त्याच वर्षीचे. त्यांना वैद्यक शिकायचे होते, पण कानांच्या दोषाने ते राहिले. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या, तिथून १८८६ साली अमेरिकेला. ज्यूड कल्पनेतला आणि रमाबाई खऱ्या. पण विद्येसाठी दारे ठोठावत फिरणारी ही दोन माणसे मला त्या चौकात, अल्फ्रेड राजाच्या पुतळ्याखाली, जवळजवळ उभी दिसली. एकाच्या आड गरिबी आली, दुसरीच्या आड कान. माझ्या वर्गात घरची पहिलीच पदवी घेऊ पाहणारी मुले दरवर्षी येतात. त्यांना ‘ज्यूड’ समजावून सांगताना आता मला नियतिवादाच्या टिपा लागणार नाहीत.

आणि मग डॉर्चेस्टर. हार्डीच्या वेसेक्सची ही राजधानी, ‘कॅस्टरब्रिज’. हार्डी या गावापासून जवळच हायर बॉकहॅम्प्टन इथे २ जून १८४० रोजी जन्मला. मातीच्या भिंतींचे आणि गवताच्या छपराचे ते घर अजून जपलेले आहे. डॉर्चेस्टरच्या मुख्य रस्त्यावरच्या, कितीतरी वर्षे बँक असलेल्या एका इमारतीवर फलक आहे की, हार्डीच्या कथेतला कॅस्टरब्रिजचा महापौर इथे राहत असे म्हणतात. जो कधी नव्हताच, त्याच्या घराचा पत्ता! मला गंमत वाटली. पण त्या फलकाखाली उभी असताना एक गोष्ट मनात आली, ती गमतीची नव्हती. ती सांगण्यासाठी आधी मला माझ्या गावाविषयी सांगावे लागेल.

माझे माहेर बेलपाडा, तालुका पनवेल. आज हे गाव खारघर या उपनगराच्या पोटात आहे. १९७० नंतर नव्या मुंबईसाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले, त्या मुलुखातले हे एक. या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांनी केवढे मोठे आंदोलन उभे केले, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण कसे गेले, हे रायगडात कोणाला सांगायला नको. आमच्याही घरची भातशेती गेली. माझ्या आधीच्या पिढीने खाडीच्या पाण्याला बांध घालून पिकवलेली ती खाचरे मी फारच थोडी पाहिली. आज तिथे उंच इमारती आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून मेट्रो धावते. तिच्या एका स्थानकाचे नाव बेलपाडा आहे. गाडी थांबते, बाई यंत्रातून गोड आवाजात गावाचे नाव घेते आणि पन्नास माणसे मोबाईलवरून मान वर न करता उतरतात.

म्हणून डॉर्चेस्टरच्या गाडीत मी ‘टेस’ पुन्हा वाचत होते ती वेगळ्याच नजरेने. टेस आणि तिचा प्रियकर रात्री दुधाचे हंडे रेल्वेस्थानकावर पोचवायला जातात आणि टेसच्या मनात येते की, हे दूध उद्या सकाळी लंडनची माणसे पितील. त्यांना ना आपण ठाऊक, ना आपली गाय. परीक्षेच्या वेळी या पानावर माझी एकही खूण नव्हती. आता वाटले, हे तर आमच्या घरचे. आमच्याकडचा भाजीपाला, मासळी, दूध असेच पहाटे मुंबईच्या वाटेला लागायचे.

पुढे टेसचा बाप मरतो. त्याच्या हयातीपुरता असलेला घराचा हक्क संपतो आणि सगळे बिऱ्हाड सामान गाडीवर लादून गावाबाहेर पडते. असे कितीतरी लोक गावे सोडून शहराकडे गेले, हे हार्डी सांगतो. आरडाओरडा न करता, गाडीवर कपाट कसे बांधले आणि वर कोण बसले, एवढेच बारकाईने सांगतो.

आणखी एक गोष्ट. टेस दोन भाषा बोलते, असे हार्डी मुद्दाम नमूद करतो: घरी गावची बोली आणि बाहेर शाळेत शिकलेले इंग्रजी. मी थबकले ते इथे. आमच्या घरी आगरी बोली. तिच्यात ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोला’. शाळेच्या पायरीवर चढताना आम्ही मुली ‘ण’ आणि ‘ळ’ जिभेवर चढवायचो आणि घरी येताना उतरवून ठेवायचो. पंचवीस वर्षांपूर्वी ‘टेस’ वाचताना हे वाक्य माझ्या नजरेखालून गेलेच असणार. पण तेव्हा मी ‘ण’ आणि ‘ळ’ सांभाळण्यात गर्क होते.

तर त्या फलकाखाली मनात आले ते असे. हार्डीने ‘कॅस्टरब्रिजचा महापौर’ १८८५ च्या सुमारास लिहिली, पण लिहिली ती त्याच्याही चाळीस-पन्नास वर्षे आधीच्या गावाविषयी. तो जे गाव वर्णन करतो ते त्याच्याही डोळ्यांसमोर उरलेले नव्हते. मग त्याने केले काय? लहानपणी आजीकडून ऐकलेले आठवले आणि गावच्या वर्तमानपत्राच्या १८२६ पासूनच्या जुन्या फायली काढून पानन्‌पान वाचल्या. बायकोला जत्रेत विकणाऱ्या माणसाची ती भयंकर सुरुवात अशाच बातम्यांवरून आली. म्हणजे आज जगभरचे वाचक डॉर्चेस्टरला पाहायला जातात ते गाव, हार्डीने उचलून धरले नसते, तर आगगाडीच्या धुरात कधीच विरून गेले असते.

कोणी म्हणेल, गावी राहणाऱ्यालाच गाव लिहिता येते. तसेच असते असे नाही. ई. एम. फॉर्स्टरची गोष्ट आपल्या जवळची आहे. १९२१ साली हे गृहस्थ देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचे, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या जावयांचे, खासगी चिटणीस होते. हिंदुस्थानावरील कादंबरीची सुरुवातीची प्रकरणे त्यांनी बरोबर आणली होती. पण प्रत्यक्ष हिंदुस्थानात बसल्यावर त्यांची लेखणी पुढे सरकेना. कादंबरी पुरी झाली ती मायदेशी परतल्यावर, आणि १९२४ साली प्रसिद्ध झाली. देवासची गोकुळाष्टमी तिच्या शेवटच्या भागात आहे. तिथे प्राध्यापक गोडबोले नावाचे आपले दक्षिणी गृहस्थ तुकोबाच्या नावाने भजन करतात. इंग्रजीच्या अभिजात कादंबरीत एक मराठी प्राध्यापक आहे, ही गोष्ट आम्हां मराठी प्राध्यापकांना तरी ठाऊक असावी! श्री. ना. पेंडसे लहानपणीच दापोलीकडचे गाव सोडून मुंबईला आले, बेस्टमध्ये नोकरी केली, आणि मुंबईत बसून त्यांनी १९५२ साली ‘गारंबीचा बापू’ लिहिली. गाव सुटले की ते स्पष्ट दिसू लागते, असा काही नियम असावा.

तसे असेल, तर आमच्या खाडीकाठच्या गावांची वेळ आत्ताच आहे. खोपोलीच्या र. वा. दिघ्यांनी १९३९ च्या ‘पाणकळा’पासून शेतकऱ्याला मराठी कादंबरीत मानाचे पान दिले; पण ‘गारंबी’इतकी वाचकांच्या तोंडी बसलेली पनवेल-उरणची कादंबरी अजून यायची आहे. जमिनी जायला लागल्याला पन्नास वर्षे झाली, नेमके हार्डीचे अंतर. ज्यांनी ती खाचरे नांगरली, ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. पण हार्डीची आजी त्याच्या लहानपणी बोलत होती आणि तो ऐकत होता. आमच्या आज्या बोलतात, तेव्हा नातवंडांच्या कानात मोबाईलची बोंडे असतात.

परत आल्यावर मी एक काम केले. माझी आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. तिच्याजवळ वही घेऊन बसले आणि म्हटले, “आत्या, आपल्या शेतांची नावं सांग.” मला वाटले, दोन-तीन सांगेल. वडाखालचे, बांधाकडचे, लांब खाचर, म्हातारीचे... अशी अकरा नावे तिने एका दमात सांगितली. कोणत्या शेतात कोणते भात होत असे, भरतीच्या पाण्याने बांधाला खांड पडली त्या रात्री कोण कोण धावले, कोणाच्या कंदिलाची काच फुटली, हेही सांगितले. ती बोलताना मी मध्येच प्रमाण मराठी लिहू लागले, ते थांबवून तिचेच शब्द उतरवले. वहीची चाळीस पाने झाली आहेत. अजून माझ्या आजोबांचे लग्न व्हायचे आहे.

मी कादंबरीकार नाही. वही भरली म्हणजे कादंबरी झाली, असेही नाही. पण या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांना मी हाच अभ्यास दिला आहे: हार्डीची एक कादंबरी वाचायची, आणि मग घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाकडून शेतांची, विहिरींची, वाटांची नावे लिहून आणायची. एकाने विचारले, “मॅडम, याला गुण किती?” मी सांगितले, गुण नाहीत. वर्गात थोडी कुजबुज झाली. तरी बावीसपैकी नऊ जणांनी नावे नोंदवली आहेत. त्यात खारघर, तळोजे, उलवे आणि कामोठे, अशा चार गावांची मुले आहेत.